दस्तगीर मास्तरांनी माझ्याकडे ठेवलेली माफी

मृत्युपत्र लिहावयास बसलेल्या माणसाने आधी देवाचे नाव घ्यावे अशी रीत आहे. मी आधी बधन्याचे नाव घेतो, कारण गेली नऊ वर्षे त्याने मला देवापेक्षा अधिक छळले आहे. बधना म्हणजे मुसलमान लोक नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, वजूसाठी, वापरतात तो तोटीचा लोटा. माझ्याकडचा बधना तोटीच्या मुळाशी गळतो. पाणी उजव्या हातावर धरावे तर ते डाव्या पायावर पडते. परभणीच्या दोन तांबटांनी त्याला डाख लावला. दोन्ही डाख पहिल्या पावसाळ्यात सुटले. तिसऱ्या तांबटाने दोष ओतणाऱ्याच्या हातात असल्याचा निर्वाळा दिला. एवढ्या मोठ्या देशाला स्वातंत्र्य मिळाले, संस्थाने विलीन झाली, आणि एका तोटीला डाख लागू नये, ही गोष्ट सरकारने मनावर घ्यावी म्हणून ती येथे प्रथम नोंदवली आहे.

आता रीतीप्रमाणे. मी, बन्सीधर त्र्यंबक चारठाणकर, वय वर्षे एकावन्न, धंदा वार्ताहरी आणि जोडीला थोडी शेती, राहणार मौजे शेवाळगव्हाण, तालुका परभणी, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे डॉक्टरांचे मत आहे. माझ्या पत्नीने, सौ. कस्तुराबाईंनी, त्याला अद्याप दुजोरा दिलेला नाही. शरीराबद्दल तसे लिहिता येत नाही. मूत्राशयात खडा आहे. पैठणच्या पाठशाळेत मी तरुणपण घालवले, तिथे त्याला अश्मरी म्हणतात एवढे शिकलो. ती दुखते कशी हे खड्याने शिकवले. तो काढून घेण्यासाठी मी उद्या हैदराबादेस निघत आहे. तेथील सर्जनने बरे होण्याची आशा दाखवली आणि त्याच दमात निरवानिरव करून येण्यास सांगितले, म्हणून हा लेख. तो लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. खड्याचे दडपण कायदा धरत नसावा.

कलम एक. घर. घर चार खणांचे आहे आणि ते सौ. कस्तुराबाईंचे. याच घरात मी निजामाची रयत म्हणून जन्मलो, हैदराबाद राज्याचा नागरिक म्हणून केस पिकवले आणि आता मुंबई राज्याचा म्हणून मरण्याच्या बेतात आहे. तीन राज्ये पाहिली, त्यासाठी ओसरीवरून उठावे लागले नाही. एकच अट आहे. ओसरीवर खांबाजवळच्या शहाबादी फरशीत काळसर डाग आहे. तो रक्ताचा आहे. ती फरशी उपटू नये. कस्तुराबाई ती नऊ वर्षे घासत आहेत, त्यांनी यापुढेही घासावी. डाग जाणार नाही आणि त्यांचा हात चालू राहील.

कलम दोन. पोथ्या. सर्व संस्कृत पोथ्या माझे पुतणे दत्तराव वकील यांना द्याव्यात. त्यांनी त्या वाचाव्यात अशी अट घातलेली नाही. अटी पाळता येण्यासारख्या असाव्यात असे तेच मला सांगत असतात.

कलम तीन. अडकित्ता. हा ज्या साप्ताहिकास मी बातम्या पाठवत आलो त्याच्या संपादकांना पाठवावा. सन अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात मी त्यांना आमच्या गावची हकीकत चार पाने भरून पाठवली होती. छापून आले ते असे: "परभणीकडील काही खेड्यांत किरकोळ प्रकार. अन्यत्र शांतता." कापण्याची त्यांना हौस आहे, तर हत्यार चांगले असावे. त्यातील "किरकोळ प्रकार" काय होता ते पुढच्या कलमात येते. ते कलम लांब आहे. संपादकांनी वाचू नये.

कलम चार. हक्क. माझ्याकडे एक हक्क आहे. तो मला वडिलोपार्जित मिळालेला नाही आणि मी कमावलेलाही नाही. गेल्या वर्षी वारशाचा नवा कायदा झाला, तो दत्तरावांनी उलटसुलट वाचून पाहिला. असल्या मालमत्तेचा त्यात उल्लेख नाही. हा हक्क एका खुनाची माफी देण्याचा आहे. तो मला शेख दस्तगीर मास्तरांनी दिला. खून त्यांचाच झाला होता.

दस्तगीर मास्तर आमच्या गावच्या उर्दू शाळेवर होते. पत्नी बाळंतपणात गेली, मूलही गेले, पुन्हा लग्न केले नाही. दुपारी शाळा सुटली की ते माझ्या ओसरीवर येत. मी त्यांना संस्कृत शिकवावे आणि त्यांनी मला फारसी, असा करार होता. दोघांचीही प्रगती बेताची झाली, कारण निम्मा वेळ भांडणात जाई. परमेश्वराने त्यांना पैलवानाचे मनगट आणि फटाक्याची वात देऊन पाठवले होते. एकदा वर्गात पाढा चुकला म्हणून त्यांनी भुजंग नावाच्या मुलाच्या कानशिलात दिली. पोराच्या कानातून रक्त आले आणि तो कान कायमचा गेला. भुजंग हा आमच्या शेतशेजाऱ्याचा, आश्रुबाचा, एकुलता एक मुलगा.

मास्तर त्या संध्याकाळी आश्रुबाच्या दारात जाऊन उभे राहिले. भुजंगाची आई केवळाबाई यांनी दार लावून घेतले. मास्तर परत आले आणि मला म्हणाले की आजपासून आपण आपल्या नफ्साला पट्टा घालणार.

नफ्स म्हणजे जीवाचे ते अंग, जे आतून सारखे "मी" आणि "मला" म्हणत असते. मास्तर सांगत की त्याच्या तीन अवस्था आहेत. पहिली अम्मारा. यात नफ्स हुकूम सोडतो आणि माणूस तो पाळतो: मार म्हणाला की मारतो. दुसरी लव्वामा. यात नफ्स मारून झाल्यावर किंवा मारण्याच्या बेतात असताना स्वतःलाच टोचू लागतो. तिसरी मुत्मइन्ना, म्हणजे निवलेली. तिथे पोचलेल्या जीवाला त्याचा मालक आपण होऊन घरी बोलावतो. मी पाठशाळेचा माणूस. मी लागलीच तम, रज आणि सत्त्व अशी जुळणी करून दाखवली. मास्तर उभे होते, ते खाली बसले.

हे बसणे समजावून सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. त्यांच्या पैगंबरांचा उपदेश असा की राग आला आणि तू उभा असशील तर बैस. बसूनही राग जात नसेल तर आडवा हो. राग आगीतून आलेला असतो, म्हणून पाण्याने वजू कर. पुष्कळ लोकांना हा उपदेश पाठ असतो. मास्तर तो अक्षरशः पाळत. पेडगावच्या बाजारात मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलता बोलता ते चिखलात बसले. शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर ते बसले आणि साहेब बोलतच राहिले तेव्हा आडवे झाले. मग उठून बधना घेत, हातपाय धूत आणि पुढचे बोलणे नरम आवाजात करीत. गाव हसून हसून बेजार होई. पोरे त्यांची नक्कल करीत. कोणाचे भांडण मिटले की बायका म्हणत, "झोपले बाई मास्तर." मीही त्यांना शवासनाचे आचार्य म्हणत असे.

ते म्हणत, "हसू दे, पंडत. मैं नफ्स कू लिटारूं. लोगां मेरेकू देखरे."

म्हणजे, मी माझ्या नफ्साला आडवे पाडतो आहे, लोकांना मात्र मीच दिसतो.

अठ्ठेचाळीसच्या फाल्गुनात रझाकार आमच्या शिवारात आले. ज्वारीची खळी चालू होती. आश्रुबाने राशीवरून उठायला नकार दिला. त्यांनी त्याला राशीवरच गोळी घातली आणि नंतर रास पेटवली. ओली ज्वारी आणि माणूस एकत्र जळाल्याचा वास किती दिवस राहतो ते मला सांगवत नाही. त्या वर्षी आमच्या घरात कोणी हुरड्याचे नाव काढले नाही. गोळी सुटण्याआधीच मास्तर शाळेतून धावत खळ्यावर गेले होते आणि रझाकारांच्या म्होरक्याच्या घोड्याचा लगाम धरून उर्दूत त्याला बोलले होते. त्याने बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर मारला. मास्तरांनी दात थुंकले ते मी पाहिले, कारण मी त्यांच्या मागे होतो. गाव लांब बांधावर उभा होता. गावाला एवढेच दिसले की मास्तर रझाकारांशी त्यांच्या भाषेत बोलले आणि जिवंत परत आले.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज परभणीवरून पुढे गेली. निजाम शरण आला. रझाकार पळाले आणि त्यांच्या पाठोपाठ अंमलदारही पळाले. नवे कोणी अजून यायचे होते. त्या मधल्या दिवसांत कोणाचेच राज्य नव्हते आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होते. भोवतालच्या गावांहून जमाव निघाला. आमच्या गावचे लोक त्यात मिसळले. ज्यांनी काही केले होते ते मुसलमान केव्हाच निघून गेले होते; जमावाला जे सापडले ते उरलेले होते. ओढ्याकाठी एका पिंजाऱ्याला त्याच्याच धनुकलीच्या तातीने फास दिला. आमच्या गावात त्यांनी उर्दू शाळा पेटवली.

शाळा पेटली तसे मास्तर घरातून सरपण फोडायची कुऱ्हाड घेऊन बाहेर आले. समोर भुजंग होता, त्याच्याही हातात कुऱ्हाड होती. मी पळत गेलो, पण मला चौघांनी धरले. ते चौघे गावचेच होते. माझ्या जानव्याला आपला हात लागू नये याची ते फार काळजी घेत होते. त्यांनी हात पिरगाळले ते सोवळे सांभाळून.

भुजंग म्हणाला, "माझ्या बापाला दावलं तूच. लगाम धरून काय सांगत व्हतास त्यांला? ह्याला मारा म्हनलास न्हवं?"

मास्तरांनी कुऱ्हाड उचलली. त्यांचे मनगट मला माहीत होते. भुजंगाच्या डोक्याची तिथल्या तिथे दोन शकले झाली असती आणि मला खात्री आहे की नफ्साने हुकूम सोडला होता. कुऱ्हाड वर तशीच राहिली. मग मास्तर खाली बसले. भुजंगाने आईवरून शिवी दिली. मास्तरांनी कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि राखेत आडवे झाले.

आणि लोक हसले.

त्या हसण्यात द्वेष नव्हता, हे मी शपथेवर लिहितो. सवय होती. मास्तर आडवे झाले की गाव हसत असे, तसे ते शाळा जळत असतानाही हसले. पण भुजंगाला एकच कान. एका कानाच्या माणसाला आवाज कोठून आला ते कळत नाही. तो आपल्याकडेच वळलेला आहे असे त्याला वाटते. बापाचा सूड घ्यायला निघालेल्या पोरासमोर शत्रू राखेत निजला आणि सारा गाव हसला. भुजंगाला वाटले गाव त्याला हसतो आहे. त्याने पहिला घाव खांद्यावर घातला. दुसरा पोटावर. तिसरा घाव मांडीत रुतला, कुऱ्हाड हाडात अडकली आणि ती सोडवून घेण्यासाठी त्याला मास्तरांच्या छातीवर पाय द्यावा लागला. तेव्हा हसणे थांबले. जमाव पांगताना कोणाचा तरी पाय दारातल्या बधन्यावर पडला. वरील तक्रारीतली गळती त्या दिवसापासूनची आहे.

आम्ही त्यांना माझ्या ओसरीवर आणले. आम्ही म्हणजे मी आणि कस्तुराबाई. तिसरा कोणी आला नाही. पोटाला कस्तुराबाईंचे लुगडे बांधले. मास्तर दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या नमाजापर्यंत जगले. मधून मधून शुद्धीवर येत.

एकदा त्यांनी विचारले, "मैं मारया न्हई ना?"

"नाही," मी म्हटले.

"लेट्या था?"

"हो. आडवे झाला होतात."

त्यावर त्यांचा चेहरा मला पाहवला नाही, इतका तो खूश झाला. मग मी म्हटले की मास्तर, त्याला माफ करून टाका आणि मोकळे व्हा. मला ते हवे होते असे नाही. मरणाऱ्यापाशी असे बोलतात म्हणून बोललो.

ते म्हणाले, "हक है मेरा. पर अब्बी दिल में न्हई, पंडत. जबान से बोल्या तो झूट होता. झूट लेके कैसा जाऊं?"

त्यांच्या शास्त्राप्रमाणे खुनाची माफी जखमी माणूस स्वतः देऊ शकतो; तो न देता गेला तर हक्क वारसाकडे जातो. मास्तरांना वारस नव्हता. मग त्यांनी मला वारस केले. मी हरकत घेतली की आमच्यात वारसा पिंडाने ठरतो. त्यांनी ती ऐकली नाही.

"मेरे पास वखत न्हई. तेरे पास है. दिल से हुई तो दे देना. न्हई हुई तो मत दे. पर झूट मत दे."

दुपारी त्यांनी वजूला पाणी मागितले. मी बधन्याने उजव्या हातावर धरले. ते माझ्या पायावरच पडत राहिले. डावा हात धुवायचा राहिला.

पेडगावहून दोन म्हातारे कडब्याखाली लपून बैलगाडीतून आले. त्यांनी नमाज पढून मास्तरांना लिंबाखाली पुरले. त्यांच्यात चाल आहे की मातीआधी कोणीतरी विचारायचे, या माणसाने कोणाचे काही वाईट केले असेल तर माफ करा. म्हाताऱ्याने विचारले. तिथे मी होतो, कस्तुराबाई होत्या, आणि कोणाला न कळता केवळाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "माझ्या लेकराचा कान फोडला व्हता त्यानं. ते म्या माफ केलं."

आणि डोक्यावरचा पदर सावरून निघून गेल्या. कुऱ्हाडीने फाडलेल्या माणसाला, त्याला फाडणाऱ्याचीच आई कानाची माफी देते, याचा मला इतका संताप आला की मी खड्ड्याच्या कडेला खाली बसलो. ते बसणे मास्तरांचे होते हे मला नंतर कळले.

खटला उभा राहिला नाही. ज्या चौघांनी मला धरले होते त्यांनी जबाब दिला की त्या दिवशी त्यांनी मला पाहिलेच नाही. भुजंग उजळ माथ्याने शेतात जाऊ लागला.

कलम पाच. कुऱ्हाड. ही मास्तरांची सरपणाची कुऱ्हाड. ती भुजंगाला द्यावी. का, ते लिहितो.

पुढल्या फाल्गुनात मी ती घेऊन दुपारी भुजंगाच्या ज्वारीच्या रानात दडून बसलो होतो. मी आयुष्यात उंबराची समिधाही दुसऱ्याकडून तोडून घेतलेला माणूस. पण हुकूम सुटला होता आणि मला त्यात आनंद होता. तो आनंद मला कोणत्याही पोथीत सापडला नव्हता. भुजंग डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन आला. दोन्ही हात वर, मान उघडी, आणि मी ज्या बाजूला होतो तो त्याचा बहिरा कान. मी मागून गेलो. कुऱ्हाड उचलली. मानेवर घामाने चिकटलेला कडब्याचा पाचोळा मला दिसला. आणि माझे गुडघे आपोआप दुमडले. मी बसलो. बसूनही राग जाईना म्हणून आडवा झालो. धसकटे पाठीत घुसली.

भुजंगाने पेंढी टाकून मागे पाहिले तेव्हा मी आभाळाकडे तोंड करून पडलेला होतो आणि कुऱ्हाड हातात होती. त्याला सगळे समजले. त्याने मला पाठीवर घेतले, कुऱ्हाड काखेत मारली आणि घराकडे चालू लागला.

ओढा ओलांडताना म्हणाला, "काका, हिला धार न्हाई. मारायचं आसंल तर धार लावून या. मी कुठं पळून जायलोय?"

ओसरीवर मला उतरवून त्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवली. जाताना त्या फरशीवर पाय न देता वळसा घालून गेला. कस्तुराबाईंनी माझ्या पाठीतली धसकटे काढताना विचारले की हा कोणता अभ्यास चालू आहे. मी सांगितले, अम्मारा संपून लव्वामा लागली. त्या म्हणाल्या, लागू द्या, पण सदरा फाटेल असा अभ्यास नको.

पितृपक्ष आला तेव्हा भुजंग पायरीवर येऊन बसला. मास्तरांनी काय ठेवून दिले आहे ते त्याला कस्तुराबाईंनी सांगितले असावे.

"काका, झालं का?"

"नाही रे."

"बरं."

तेव्हापासून तो दर पितृपक्षात येतो. तेवढेच विचारतो, तेवढेच ऐकतो आणि जातो. लिंबाखालच्या कबरीवरचे गवत कोण काढते हे मी विचारलेले नाही. कस्तुराबाई त्याला पायरीवर खीर-पुरी वाढतात. मी हरकत घेतली तर म्हणतात, तुमचे काम तुम्ही करा, वाढायचे काम माझे. यंदा पोळ्याला कोणीतरी त्याच्या बैलाला टोकदार काठी टोचली, तेव्हा भुजंग भर मिरवणुकीत खाली बसला असे त्यांनीच येऊन सांगितले. मी विचारले, लोक हसले का? म्हणाल्या, नाही. कोणी हसले नाही.

आता मुद्दा. माफी देण्यापूर्वी माझे काही झाले तर हा हक्क कोणाकडे जावा? मी कस्तुराबाईंना विचारले. त्यांनी सांगितले की मला देऊ नका, मी माफी आजच देऊन टाकीन आणि पुन्हा भांडी घासायला बसेन. हे सत्य असल्यामुळे त्या बाद. दत्तराव तो घ्यायला तयार आहेत, पण त्यांच्या हातात गेलेली कोणतीही गोष्ट परत मिळाल्याचा दाखला नाही. मास्तर आता स्वतः घेऊ शकत नाहीत. म्हणून असे ठरवतो की मी माफी न देता मेलो तर हा हक्क कोणाकडेही जाणार नाही. तो मी मास्तरांकडे परत नेईन आणि काम अर्धे राहिले असे त्यांना सांगेन. ते रागावले तर खाली बसतील. मी शेजारी बसेन.

भुजंगाला हे वाचून दाखवावे. मोठ्याने, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने.

कलम सहा. माझी तिरडी. चार खांदेकऱ्यांत एक भुजंग असावा. नातेवाइकांनी हरकत घेतल्यास त्याच्या वाट्याचा खांदा हरकत घेणाऱ्यानेच स्मशानापर्यंत द्यावा. दत्तरावांच्या कमरेची मला कल्पना आहे.

कलम सात. धोंडीबा यांचे बोकड माझ्या तुळशीवर चढते ते मी माफ केले आहे. धोंडीबा हे मला धरणाऱ्या चौघांपैकी एक. त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या दंडावर होता. आज मी त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले आणि म्हटले की या खेपेस तरी मला पाहिले असे लिहून द्या. त्यांनी अंगठ्याला शाई लावली.

मग म्हणाले, "पाह्यलं, पंडत. तवाबी पाह्यलं व्हतं."

हे त्यांचे बोलणे दस्तात घ्यावे, असे त्यांनीच सांगितले.

कलम आठ. बधना. गळती काढू नये. सरकारकडे केलेली वरील तक्रार मागे घेण्यात येत आहे. बधना सौ. कस्तुराबाईंनी ठेवावा.

येणेप्रमाणे जे आहे ते लिहिले, जे नाही ते लिहिले नाही. वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: बन्सीधर त्र्यंबक चारठाणकर

साक्षीदार:
१. धोंडीबा सटवाजी, धंदा शेती व शेळ्या, राहणार मजकूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. लिहिणाऱ्यास सही करताना समक्ष पाहिले.
२. माणिकराव बापूराव, शाळामास्तर, राहणार मजकूर. सही.

मुक्काम शेवाळगव्हाण, तालुका परभणी. भाद्रपद वद्य पंचमी, शके १८७९.

साक्षीदारांच्या सह्यांखाली लिहिलेले कायद्याने बाद असते, असे दत्तराव म्हणतात. म्हणून उरलेले येथे लिहितो.

काळ्या रानात एस.टी. रुतते, म्हणून उद्या सकाळी परभणी स्टेशनपर्यंत मला भुजंग त्याच्या बैलगाडीतून नेणार आहे. तो आपणहून आला. यंदा त्याने "झालं का" विचारले नाही. गाडीत गादी टाकू की कडबा, एवढेच विचारले. सबंध वाट मला त्याच्या मानेकडे पाहत बसायचे आहे. त्याला द्यायचे ते देऊन टाकावे असे मला आज सकाळपासून वाटू लागले आहे, आणि आजपर्यंत असे कधी वाटले नव्हते. पण हैदराबादेस मला भुलीचे औषध देऊन चिरणार आहेत, आणि मी फार भ्यालो आहे. हे निवलेल्या जीवाचे वाटणे आहे की भ्यालेल्या जीवाचे, ते मला ओळखता येत नाही. मास्तरांनी खोटी माफी देऊ नको म्हणून सांगितले होते. गाडी ओढ्यात उतरेल तेव्हा मी बोलून जाईन, आणि ती खरी होती की नाही हे मला मरेपर्यंत कळणार नाही, एवढीच काळजी आहे.